अरवाचा पाय

“आधी टाच टेका, मामा. टाच टेकली की मग अंग पुढं टाका.”

“टाच कुठं हाय मला?” शेषेराव म्हणाले. “ही रबराची. हिला काय कळतंय टेकली का न्हाई ते.”

दोन्ही बाजूंच्या लोखंडी दांड्या त्यांनी अशा धरल्या होत्या, की हाताच्या शिरा वर आल्या होत्या. शिरूर अनंतपाळच्या अलीकडच्या एका खेड्यातला हा साठीचा माणूस. गेल्या वर्षी सोयाबीन मळताना धोतराचा सोगा मळणीयंत्रात गेला आणि सोग्याबरोबर पायही. लातूरच्या कृत्रिम अवयव केंद्रात ते आज चौथ्यांदा आले होते. आनंदराज सोनकांबळे त्यांच्यासमोर उकिडवा बसून त्यांची पावलं बघत होता. लोकांचे पाय करायचे आणि मग त्या पायांकडे बघत बसायचं, यात त्याची तीस वर्षं गेली होती. लोक त्याला मिस्त्री म्हणत.

तेवढ्यात त्याच्या खिशातला मोबाइल थरथरला. त्यानं बसल्या बसल्याच काढून बघितला आणि तो बघतच राहिला.

फोटोत एक नऊ वर्षांची मुलगी तंबूच्या तोंडाशी बसली होती. एक पाय धुळीनं माखलेला. दुसऱ्या गुडघ्याखाली प्लास्टिकचा पाय, तोही दोरीनं मांडीला बांधलेला. काखेला कुबडी. खाली आवाजी निरोप होता. त्यानं मोबाइल कानाला लावला. “उस्ताद,” येमेनमधला त्याचा जुना मदतनीस यह्या म्हणत होता, “अरवा भेटली. पाय आखूड झालाय. उस्ताद कधी येणार, असं विचारते. मी काय सांगू?”

“कुणाचं काय झालं का मिस्त्री?” शेषेरावांनी विचारलं.

“न्हाई. चला, टाच टेका.”

आनंदराज मूळचा जळकोटचा. आयटीआयला फिटरचा कोर्स करत असताना भूकंप झाला. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. गावातल्या पोरांबरोबर भाकरीची गाठोडी घेऊन तो किल्लारीकडे गेला. चार दिवसांसाठी म्हणून गेलेला, आठ महिने राहिला. कुठून कुठून आलेल्या लोकांनी तिथं तंबू टाकले होते. त्यातल्या एका तंबूत पाय तयार व्हायचे. त्याच्या हातात कानस होती आणि डोळ्यांत माप होतं, म्हणून तिथल्या म्हाताऱ्या कारागिरानं त्याला ठेवून घेतलं. पुढं त्यातूनच लातूरचं हे केंद्र उभं राहिलं आणि तो इथंच चिकटला.

पाच वर्षांपूर्वी त्याची बायको महामाया गेली. ताप आला, श्वास लागला आणि नवव्या दिवशी दवाखान्यातून निरोपच आला. मुलगा प्रीतम पुण्यात कंपनीत. घरात एकट्यानं भाकरी थापायची आणि एकट्यानं खायची. अशात परदेशी मदत संस्थेच्या एका डॉक्टरांनी विचारलं, येमेनला येता का? लढाई चालू आहे, शेतात आणि रस्त्यांत सुरुंग पेरलेले आहेत, पाय जाणारे रोज आहेत आणि पाय करणारे नाहीत. प्रीतम नको म्हणाला. आनंदराज गेला.

तिथं त्याला आधी वाटलं होतं, आपण मुके होऊन जाऊ. पण हळूहळू त्याच्या कानाला कळायला लागलं, की इथली माणसंही खुर्चीला कुर्सी म्हणतात, साबणाला साबून म्हणतात. हवा, खबर, सबर, मालूम, सगळं आपल्या आजीच्या तोंडचं. निजामाच्या राजवटीतली त्याची आजी ‘वखत’ म्हणायची, ती माणसं ‘वक्त’ म्हणत. अरवाला पहिल्यांदा मापासाठी आणलं तेव्हा ती सात वर्षांची होती. शेळ्यांमागं गेली होती आणि एका शेळीनं ओलांडलेल्या जागेवर तिचा पाय पडला. प्लास्टर बघून ती आकांत करायला लागली. आनंदराजनं स्वतःच्याच पायाला ओली पट्टी गुंडाळली आणि म्हणाला, “सबर.” रडता रडता ती थांबली. हा काळा परका माणूस आपल्यासारखं बोलतोय, याचं तिला हसू आलं.

दीड वर्षात त्यानं तिला दोन पाय केले. लेकराचं असंच असतं. मोठ्या माणसाला पाय दिला की तीन-चार वर्षं बघायला नको. पोर मात्र वाढतं, पाय वाढत नाही. सहा-आठ महिन्यांनी तो आखूड पडतो, मग पोर लंगडतं, मग पाठीचा कणा वाकडा होतो. तिसऱ्या पायाचं माप त्यानं घेतलं, साचा ओतला आणि त्याच आठवड्यात मुख्य कार्यालयातून पत्र आलं. पैसे देणाऱ्या देशानं हात आखडला होता. केंद्र बंद. परदेशी माणसांनी चार दिवसांत निघायचं.

निघायच्या दिवशी फाटकाबाहेर चाळीसेक माणसं बसली होती. कुणालाच काही सांगायचं नाही, गर्दी बिथरेल, असा हुकूम होता. गाडी सुरू करून ठेवलेली. त्या गर्दीत अरवा होती. बापाबरोबर पाण्याच्या टँकरवर बसून ती लांबच्या छावणीतून आली होती. आज पाय मिळणार म्हणून तिनं केसांना तेल लावलं होतं. आनंदराजनं तिथंच मातीत बसून तिचा गुडघा बघितला. जुन्या पायानं फोड आला होता. त्यानं मलम लावलं, पट्टी बांधली.

“पाय?” तिनं विचारलं.

“बुकरा,” तो म्हणाला. म्हणजे उद्या.

तिनं मान डोलावली. बापानं मात्र त्याच्याकडे नीट बघितलं. त्या माणसाला सगळं कळलं होतं. त्यानं खिशातून बेदाण्याची पुडी काढून आनंदराजच्या हातात ठेवली आणि पोरीला उचलून घेतलं.

परत आल्यावर जळकोटला विहारात त्याचा सत्कार झाला. शाल, फूल, भाषणं. किती पाय केले, असं अध्यक्षांनी विचारलं. चारशे बारा, तो म्हणाला. टाळ्या झाल्या. नंतर जेवताना एकानं तिथं उंट असतात का ते विचारलं आणि दुसऱ्यानं तिथला पगार. आनंदराज वरण-भात कालवत राहिला. त्या दिवसापासून त्यानं त्या देशाचं नाव काढणं सोडलं. पण रस्त्यानं शाळेतल्या पोरी घोळक्यानं जाताना दिसल्या की तो थांबायचा आणि त्यांचे गुडघे कुठवर आलेत ते बघायचा. एकदा एका बाईनं त्याला हटकलं, “काय बघायलात हो?” तेव्हापासून तो मान खाली घालून चालायला लागला.

फोटो आला त्या दिवशी दुपारी त्यानं प्रीतमला फोन केला.

“पप्पा, मी मीटिंगमधी आहे.”

“दोनच मिनिटं. ती पोरगी सांगितली होती ना तुला, अरवा…”

“पप्पा, झालं की आता ते. तुमी तिथं काय कमी केलं का? संस्था गेली, तुमी काय करणार? बीपीची गोळी घेतली का?”

“घेतली.”

“मग आराम करा. रविवारी बोलतो.”

आनंदराजनं फोन ठेवला, पाणी पिऊन आला आणि यह्याला निरोप पाठवला, माप घे. यह्या तिकडे त्याच्या हाताखाली होता. केंद्र बंद पडल्यापासून तो भाड्याची रिक्षा चालवत होता. पण हात शिकलेला होता. त्यानं दोन दिवसांनी सगळी मापं कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवला. गुडघ्याखाली दर दोन बोटांवर किती घेर, हाड कुठं टोचतं, चांगला पाय गुडघ्यापासून टाचेपर्यंत किती. पावलाची आकृतीसुद्धा पेन्सिलीनं काढली होती.

मापं बघून आनंदराजनं परत विचारलं, “ती जेवते का?”

उत्तर संध्याकाळी आलं. “एक वेळ. कधी तीही नाही.”

केंद्राच्या डॉक्टरांनी परवानगी दिली. म्हणाले, आपलं सामान वापरा, फक्त इथल्या पेशंटांना थांबवू नका. मग आनंदराज सकाळी सहालाच यायला लागला. साचा नव्हता, म्हणून त्यानं प्लास्टरचा ओंडका घेऊन मापांवरून तो कोरायला घेतला. दोन बोटं कोरायची, फीत लावायची, पुन्हा कोरायचं. दुसऱ्याच्या पायावर हात न फिरवता पाय करायचा म्हणजे न बघता नाक-डोळे काढण्यासारखं. पण ते गुडघ्याचं हाड त्यानं तीनदा हाताखालून घातलं होतं. हाताला ते आठवत होतं.

अडलं ते लांबीवर. पाय तिथं पोचेपर्यंत दोन-तीन महिने जाणार. तेवढ्यात खातंपितं लेकरू गुडघ्याखाली अर्धा सेंटीमीटर तरी वाढतं. उपाशी लेकरू किती वाढतं? तीस वर्षांत हे कुणी त्याला शिकवलं नव्हतं.

त्या आठवड्यात शेषेराव आले ते नातीला घेऊन. शिवांगी तिचं नाव, चौथीत. शाळेला सुट्टी होती. ती सगळीकडे टंगळमंगळ करत फिरली आणि आनंदराजच्या ओट्यापाशी येऊन थांबली.

“आबा, हे बघा. लहान पाय.”

शेषेराव कुबडी टेकत आले. त्यांनी तो पांढरा प्लास्टरचा साचा बराच वेळ बघितला. “कुणाच्या लेकराचा हो, मिस्त्री?”

आनंदराजनं सांगायला सुरुवात केली. एक वाक्य सांगून थांबू, असं त्याच्या मनात होतं. पण शेषेराव बाकावर टेकले, त्यांनी कुबडी आडवी ठेवली आणि ऐकत राहिले. मग आनंदराजनं शेळ्यांपासून फाटकापर्यंत सगळं सांगितलं. उद्या म्हणालो, हेही सांगितलं. ते त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

“खोटं बोललो, मामा.”

शेषेराव म्हणाले, “कुणाची लढाई हाय म्हणं ती?”

“त्यांची त्यांची. आन् बाहेरच्यांचीबी. मला तरी कुठं नीट कळली.”

“पोरीला तर काय कळणार.” त्यांनी नातीला हाक मारली. “शिवे, इकडं ये. ह्या ओट्यावर उभी ऱ्हा. काकाला पाय मोजू दे.”

शिवांगी ओट्यावर चढून सरळ उभी राहिली. आनंदराजनं फीत लावली. गुडघ्यापासून टाचेपर्यंत अरवापेक्षा ती पावणेतीन सेंटीमीटरनं उंच होती. वय एकच. शिवांगी म्हणाली, “मी वर्गात सगळ्यात बुटकी हाय.”

आनंदराजनं तीन मिलिमीटर वाढवले. जास्त वाढवायचा त्याला धीर झाला नाही आणि कमी ठेवायलाही मन धजेना.

दुसऱ्या दिवशी त्यानं भट्टीत प्लास्टिकची नळी तापवली, मऊ झाल्यावर साच्यावर ओढली, हातांनी दाबून बसवली. खाली रबराचं पाऊल जोडलं. पाऊल आपल्याकडच्या रंगाचं होतं, तिच्या रंगाला जरा काळं पडणार होतं. त्याला इलाज नव्हता. कडा घासून त्या इतक्या गुळगुळीत केल्या, की गालावर फिरवून बघितल्या.

लातूरच्या कुरिअरवाल्यानं गावाचं नाव वाचूनच पार्सल परत केलं. “तिकडं जात न्हाई सर काहीच. लढाई हाय ना.” पोस्टातही तेच. शेवटी यह्यानंच एक नंबर पाठवला. सालिम नावाचे एक म्हातारे गृहस्थ हृदयाच्या ऑपरेशनसाठी हैदराबादला आले होते आणि येत्या शुक्रवारी परत निघणार होते.

आनंदराज उदगीरवरून हैदराबादच्या बसमध्ये बसला. पाय सुती चादरीत गुंडाळून पिशवीत ठेवला होता आणि पिशवी मांडीवर. पावलाचा आकार चादरीतून कळत होता. बिदरला शेजारच्या सीटवर एक बाई येऊन बसली. तिनं एकदा पिशवीकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे, आणि पुढच्या स्टॉपला जागा बदलली.

दवाखान्याजवळच्या लॉजमध्ये सालिम खाटेवर बसले होते. छातीवर पट्टी, कमरेला पट्ट्यापट्ट्यांची लुंगी. त्यांचे नातेवाईक हैदराबादेत होते, त्यामुळे मोडकं का होईना, उर्दू बोलत.

“मैं नहीं ले जा सकता, भाई,” त्यांनी आधीच सांगून टाकलं. “दो जगह तलाशी होती. बोलेंगे, इसके अंदर क्या है. मैं बीमार आदमी.”

“अंदर कुछ नहीं, चाचा. खाली है.”

“वो आप बोलते.”

आनंदराजनं वाद घातला नाही. केंद्राचं पत्र काढून टेबलावर ठेवलं, मग चादर सोडली आणि पाय उभा केला. फरशीवर तो बरोबर उभा राहिला. सालिम वाकून बघायला गेले, पट्टीखाली दुखलं तसे थांबले. त्यांनी आत हात घातला, तळापर्यंत फिरवला. नंतर हात बाहेर काढला, तरी पाय त्यांनी सोडला नाही.

“कितने साल की है?”

“नौ.”

“सुरंग?”

“हां.”

“हमारे गली में छह बच्चे हैं ऐसे,” ते म्हणाले. त्यांनी आपली बॅग पुढं ओढली, कपडे बाहेर काढले, पाय तळाशी ठेवला आणि त्याच्या पोकळीत आपले सदरे भरले. “अब अंदर कुछ है,” ते म्हणाले. “पूछेंगे तो बोलूँगा, कमीज़ हैं.”

तिथून पुढं वाट बघणं. सालिम पोचल्याचा निरोप तीन आठवड्यांनी आला. रस्ता बंद होता, पाय त्यांच्या घरीच होता. मग पाय एका ट्रकवर चढला. मग दोन आठवडे यह्याचा फोनच लागला नाही. आनंदराज केंद्रात येत होता, पाय करत होता. शेषेराव दांड्या सोडून काठीवर चालायला लागले होते. दर खेपेला ते दारातूनच विचारत, “काय खबर?” आनंदराज मान हलवायचा. लातुरात ही खबर विचारणारं दुसरं कुणी नव्हतं.

एके दिवशी सकाळी यह्याचा निरोप आला. तो लांबलचक होता. आनंदराजनं तो भट्टीपाशी उभा राहून दोनदा ऐकला.

पाय मिळाला होता. पण तो मिळायच्या नऊ दिवस आधी छावणीच्या बाजूला तोफेचे गोळे पडले आणि माणसं वाट फुटेल तिकडे निघून गेली. यह्या रिक्षा घेऊन तीन छावण्या फिरला. अरवाच्या बापाचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. एकानं सांगितलं, ते समुद्राच्या बाजूला गेले. दुसऱ्यानं सांगितलं, त्या बाजूला गेलेले पोचलेच नाहीत. मेल्याचंही कुणी सांगितलं नाही. “मी पाय दोन आठवडे घरी ठेवला, उस्ताद,” यह्या म्हणत होता. “रोज माझी आई त्यावरची धूळ पुसायची. शेवटी तीच म्हणाली, पाय पडून राहायला नसतो. मी तुम्हाला न विचारता दिला. मला माफ करा.”

आनंदराज साच्यांच्या खोलीत जाऊन बसला. भिंतीला लागून ओळीनं पांढरे ओंडके होते, प्रत्येकावर पेन्सिलीनं नाव. केंद्राचा रिवाज होता, की पाय दिला की साचा फोडायचा आणि प्लास्टर पुन्हा वापरायचं. अरवाचा साचा त्यानं फोडला नव्हता. त्यानं तो घेतला, मांडीवर ठेवला आणि गुडघ्याच्या हाडाच्या जागी अंगठा फिरवत बसून राहिला. बाहेर कुणीतरी मिस्त्री, मिस्त्री म्हणून हाका मारत होतं. थोड्या वेळानं हाका थांबल्या.

बऱ्याच वेळानं त्यानं यह्याला दोन शब्द पाठवले. “बरं केलंस.”

दुपारी फोटो आला.

ही मुलगी सात-आठ वर्षांची असावी. अरवापेक्षा गोल चेहऱ्याची. तिचं बघणं कॅमेऱ्याकडे नव्हतंच. दोन्ही हातांनी तंबूची दोरी धरून ती खाली स्वतःच्या पायाकडे बघत होती. आनंदराजनं बोटांनी फोटो मोठा केला. त्याच्या नजरेला लगेच कळलं, पाय तिला बोटभर लांब होता. कंबर एका बाजूनं उचलली गेली असती. पण तसं झालं नव्हतं, म्हणून त्यानं फोटो अजून मोठा केला. तिच्या चांगल्या पायाखाली यह्यानं जुन्या चपलेचा तळ कापून दोन थरांत बांधला होता. सुतळीनं, नीट, गाठ बाहेरच्या बाजूला घेऊन, म्हणजे चालताना टोचायला नको. गाठ बाहेर घ्यायची हे आनंदराजनंच त्याला शिकवलं होतं.

शेषेराव काठी टेकत आत आले. “काय खबर, मिस्त्री?”

आनंदराजनं मोबाइल त्यांच्या हातात दिला. शेषेरावांनी तो डोळ्यांपासून लांब धरला.

“ही का ती?”

“न्हाई. ही दुसरी.”

“आन् ती?”

आनंदराजनं मान हलवली. शेषेराव बाकावर त्याच्या शेजारी बसले आणि दोघं फोटो बघत राहिले. मुलीच्या मागं ऊन होतं, तंबूंची ओळ होती, आणि तिच्यापासून दोन पावलांवर तिची कुबडी वाळूत आडवी पडली होती.